फेसाला भुलू नकोस

कराड

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझं वॉशिंग सेंटर दसऱ्याला सुरू होतंय, हे ताईकडून कळलं. आनंद झाला. पंप, फोम टँक, रॅम्प सगळं झालं, आता साबण कुठला घेऊ, असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहितो.

आधी एक खूणगाठ बांधून ठेव: फेस गाडी धूत नाही. फेस साबणाला उभ्या पत्र्यावर धरून ठेवतो, म्हणून चिखल सुटायला चार मिनिटं मिळतात. पुढे हात फिरवताना पत्रा बुळबुळीत राहतो आणि वाळूचा कण घासत नाही. मळ काढतो तो साबण. पण गिऱ्हाईकाला दिसतो फेस, त्यामुळे विकणाराही फेसच विकतो. सुट्या कॅनमधला साबण घट्ट दिसला की माल कडक, असं समजू नकोस. असल्या साबणाला मीठ घालूनही घट्टपणा आणता येतो. रंग आणि वास तर डोळ्यांत धूळ फेकायलाच असतात.

साबण काय काढतो यापेक्षा काय काढत नाही, ते बघ. रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. त्यावर मालकाने पैसे मोजून मेण नाहीतर कोटिंग करून घेतलेलं असतं. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो. भांड्यांचं लिक्विड तर तूप-तेल काढण्यासाठीच केलेलं. दोन्ही मळाबरोबर मेणही उतरवतात. गाडी त्या दिवशी लख्ख दिसते, पण पुढच्या खेपेला टपावरचं पाणी थेंब होऊन ओघळत नाही, पसरून बसतं. मालकाच्या ते लक्षात येतंच.

म्हणून कारसाठी न्यूट्रल पीएचचा शॅम्पू घे. पीएच 7 च्या आसपास हवा. लेबलवर विश्वास ठेवू नकोस, घरच्या हळदीने तपास. हळद पाण्यात कालव, पांढऱ्या जाड कागदाला फास आणि वाळव. त्यावर शॅम्पू पाण्यात मिसळून एक थेंब टाक. पिवळा कागद पिवळाच राहिला तर बरं. लालसर-तपकिरी झाला, तर त्यात सोडा किंवा कॉस्टिक आहे. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तेच इथे होतं. मात्र आम्ल हळदीला कळत नाही. त्यासाठी पीएच पट्ट्या आणून ठेव.

सोडा लागतच नाही असं नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतील, ट्रकची चासी ग्रीसने माखलेली असेल. तिथे कडक साबण चालतो. पण त्याचा कॅन वेगळा, मगही वेगळा ठेव आणि ते पाणी अॅल्युमिनियमच्या चाकांवर जाऊ देऊ नकोस. खालून डिझेल मारायची पद्धत तर सुरूच करू नकोस, त्याने रबराचे बुश फुगतात.

तुझ्याकडे बोअरचं पाणी. त्यात क्षार जास्त, आणि साध्या साबणाचा त्यात साकाच होतो. चांगल्या शॅम्पूचा होत नाही, पण पाणी उन्हात वाळलं की पांढरे ठिपके उरतातच. त्यामुळे गाडी सावलीत घे, फेस वाळू देऊ नकोस आणि धुऊन झाल्याबरोबर मायक्रोफायबरने टिप. आधी साध्या पाण्याचा फवारा मारून सुटी माती काढ, मगच फेस मार. हात फिरवायला दोन बादल्या ठेव: एक शॅम्पूची, एक धुण्याचा मऊ मोजा (मिट) खळखळून घ्यायची.

खर्चाचं म्हणशील, तर हिशेब लिटरवर नको, गाडीवर कर. समज, 5 लिटरचा कॅन 1500 रुपयांना पडला आणि एका गाडीला 50 मिलि लागला. त्यात 100 गाड्या होतात, म्हणजे गाडीमागे 15 रुपये. स्वस्त कॅनमधून कामावरची मुलं अंदाजाने ओततात, तेव्हा बचत कसली होते? मापाचा कप दे आणि डब्यावरचं प्रमाण पाळायला लाव. दुप्पट ओतल्याने गाडी दुप्पट स्वच्छ होत नाही.

शेवटी मुलांच्या हातांकडे बघ. दिवसभर कॉस्टिकच्या पाण्यात हात घालणाऱ्या पोराच्या बोटांना भेगा पडतात, आणि जेवताना तिखट लागलं की तो हात झटकतो. हातमोजे दे, पण साबणच असा घे की मोज्यांवर सगळी भिस्त राहणार नाही. नमुना मागून, हळदीच्या कागदावर तपासल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा