अपयशाचा ताळेबंद

रायपूरजवळील उरल्यासारख्या औद्योगिक वसाहतीत नोकरी सांभाळून सायकलचा सराव करणाऱ्यांना अपयश नवे नसते. प्रश्न असतो तो त्याचा हिशेब ठेवण्याचा. नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांना सुमारे ४,९०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ २०१६ मध्ये पूर्ण करता आली नाही. २०१७ मध्ये मात्र बारा दिवसांच्या मुदतीत ती एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले.

फेरी अर्धवट राहिल्यास त्याच दिवशी वेग, आहार, पाणी व झोप यांची नोंद करावी. दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमानंतर शरीरातील साखरेचा साठा आटू लागतो. पायांचा वाटणारा दोष अनेकदा उपाशी पोटाचा असतो. पुढील फेरीत एकच गोष्ट बदलावी, म्हणजे नेमके कारण हाती लागते.