दुखापतीचा दाखला आणि कामगाराची भाकरी

यंत्रात बोटे सापडलेला कामगार दवाखान्यात येतो, तेव्हा रक्तस्राव थांबवणे आणि बोट वाचवणे याकडेच आपले सारे लक्ष असते. ते योग्यही आहे. परंतु त्या घाईत केसपेपरवर आपण ज्या चार ओळी लिहितो, त्यांवर त्या माणसाची पुढील कित्येक वर्षांची भाकरी अवलंबून असते. पिथमपूरची औद्योगिक वसाहत शेजारी असलेल्या आपण इंदूरकर डॉक्टरांनी तरी हे विसरू नये.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आणि कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोहोंची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. मूळ तत्त्व मात्र जुनेच आहे : कामामुळे व काम करीत असताना अपघात झाला असेल, तर भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. राज्य विमा योजनेत नाव असलेल्यास योजनेतून लाभ मिळतो. इतरांची जबाबदारी मालकावर असते.

कायद्याच्या परिशिष्टात काही दुखापतींचे प्रमाण ठरवून दिले आहे. उदाहरणार्थ, अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के. परिशिष्टात नसलेल्या कायम दुखापतीत कमावण्याची क्षमता किती घटली, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. येथेच आपली गफलत होते. अवयवाचे अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताठर झालेली करंगळी कारकुनाला फारशी नडणार नाही. तबलजीचा मात्र व्यवसायच ती हिरावून घेईल.

सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात १९७५ साली हाच विचार मान्य केला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे होते. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून ते पूर्ण अपंगत्वच होय, असा निर्णय झाला.

म्हणून पहिल्याच नोंदीत अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमी हात उजवा की डावा, रुग्ण कोणत्या हाताने काम करतो आणि नेमके कोणते काम करतो, हे लिहावे. अपघात कसा झाला, ते रुग्णाच्याच शब्दांत नोंदवावे. सोबत आलेला मुकादम ‘घरी पडला असे लिहा’ म्हणाला, तर त्यास नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. त्या एका खोट्या ओळीने कामगाराचा हक्कच बुडतो.

जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. व्यायामोपचार वेळेवर सुरू झाले नाहीत, तर सांधे आखडतात व वाचवलेले बोटही निरुपयोगी ठरते. कामावर परतताना ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. किती वजन उचलावे, कोणते यंत्र टाळावे, पुन्हा तपासणी केव्हा, हे स्पष्ट लिहावे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास काढता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्याला त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. खाजगी कारखान्यातील कामगारास त्या कलमाचे छत्र नाही. तेथे मालकाशी बोलताना त्याच्या हाती बहुधा आपला नेमका दाखलाच असतो.

तो दाखला दयेपोटी वाढवू नये आणि दडपणाखाली घटवूही नये. तो खरा असावा, एवढेच पुरे.