क्रूझर घ्यावी की स्पोर्ट्स बाइक? : फळ्यावरचे थोडे गणित



मोटारसायकलची निवड हा काही आपल्या अभ्यासक्रमातला विषय नव्हे. तरीही पदार्थविज्ञानाचा तास संपल्यावर मला हल्ली वरचेवर विचारला जाणारा प्रश्न असतो तो हा : "सर, क्रूझर घेऊ की स्पोर्ट्स बाइक?" प्रथम मी तो हसण्यावारी नेत असे. पुढे ध्यानात आले की, हा प्रश्न शक्तीचा, घर्षणाचा आणि गुरुत्वमध्याचाच आहे; फक्त तो पुस्तकाबाहेर उभा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी बी. एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी दोन पत्रके घेऊन माझ्याकडे आला. त्याचे गाव जांबोटीच्या पुढे, चोर्ल्याच्या वाटेवर. वडिलांनी एका गाडीपुरते पैसे बाजूला ठेवले होते. चुकली तर दुसरी गाडी होणे नाही. तिच्यावरून रोज बेळगावला यायचे आणि आठवड्यातून एकदा वडिलांना डबलसीट घेऊन दवाखाना गाठायचा. वडिलांचा उजवा गुडघा दुखावलेला. मुलाचे मन मात्र केव्हाच स्पोर्ट्स बाइकवर बसले होते. "बघा की सर, दीडशे सी. सी.ची असून जवळजवळ साडेतीनशेवालीइतकीच पॉवर देते!" तो म्हणाला. मी त्याच्या हाती खडू दिला.

पत्रकांपैकी एक होते २०२० साली बाजारात आलेल्या मीटिअर ३५० या क्रूझरचे, दुसरे २०२१ सालच्या चौथ्या आवृत्तीतील यामाहा आर-१५चे. क्रूझरचे इंजिन ३४९ घनसेंटीमीटरचे. त्याचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २७ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. आर-१५चे इंजिन १५५ घनसेंटीमीटरचे, टॉर्क १४.२ न्यूटन-मीटर, पण ७५०० फेऱ्यांवर. आता शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. आकडे घालून पाहा : पहिल्या गाडीची शक्ती येते सुमारे ११.३ किलोवॅट आणि दुसरीची ११.२. म्हणजे जवळजवळ बरोबरी! मुलाचा चेहरा खुलला.

मी म्हटले, "आता दोन्ही इंजिने ४००० फेऱ्यांवरच ठेव." आर-१५चा टॉर्क तेथे १४.२ हून अधिक असूच शकत नाही. म्हणून तिची शक्ती ५.९ किलोवॅटच्या पलीकडे जात नाही. क्रूझर तेथे जवळजवळ दुप्पट देते. याचा अर्थ लहान इंजिन दुबळे आहे, असा नव्हे. गिअर खाली टाकून फेरे वाढवले की ते आपली शक्ती दाखवते, आणि गिअरमुळे चाकाशी मिळणारा जोरही वाढतो. पण ते सतत मागत राहते : गिअर बदला, फेरे चढवा, लक्ष द्या. क्रूझर तसे मागत नाही. मागे माणूस बसवून चढावर मंद जाताना तिचे इंजिन कमी फेऱ्यांतच ओढून नेते. कोणाला ही मागणी हवीशी वाटते, तर कोणाला ती दमवते. दोन प्रकारांतला खरा फरक मला येथे दिसतो.

दुसरे गणित वळणाचे. वळणावर गाडी जितकी कलवावी लागते, त्या कोनाची टँजंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. या सूत्रात गाडीचे वजन नाही. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरला सुमारे २३ अंशांचा कल लागतो. ५० ला तो ३३ अंशांवर जातो. स्पोर्ट्स बाइकचे फूटरेस्ट उंच असल्याने ती अधिक कलू शकते. क्रूझरचे फूटरेस्ट खाली असल्याने ते लवकर रस्त्याला टेकू पाहतात. येथे स्पोर्ट्स बाइक सरस, यात वाद नाही.

परंतु तीच टँजंट म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यात लागणारा घर्षणगुणांकही होय. ४० ला तो ०.४२ लागतो, ५० ला ०.६६. कणकुंबीकडच्या पावसात, चिखल आणि पाला पडलेल्या डांबरावर तेवढे घर्षण मिळेलच, याची हमी कोणीही देणार नाही. गाडी कलायला तयार असते. रस्ता तयार नसतो. तेव्हा आपल्या भागात वर्षाचे निदान चार महिने त्या जादा कलण्याचा उपयोग फारसा होत नाही.

थांबण्याचेही तसेच. दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतके मंदन धरले तर ताशी ६० ला ब्रेक लागल्यापासून सुमारे २३ मीटर लागतात आणि ८० ला ४१ मीटर. ब्रेक दाबण्यापूर्वीच्या एका सेकंदात गेलेले १७ किंवा २२ मीटर वेगळेच. १२५ सी. सी.हून मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आहे; त्याने चाक जाम होत नाही, पण वेगाचा वर्ग काही कमी होत नाही.

येथे एक स्वतःची गोष्ट सांगतो. १९८८ साली मी तुमच्याच वयाचा होतो. आमच्या वेळचा वाद बुलेट की म्हैसूरची येझदी, आणि नुकतीच आलेली आर-एक्स १००. एका मित्राची हलकी, चपळ गाडी मी मागून घेतली, त्यालाच मागे बसवले आणि भुरभुर पावसात खानापूरच्या रस्त्यावर एका वळणावर घसरलो. मला खरचटले, त्याचे मनगट मोडले. ते आजही पुरते वळत नाही. गाडीचा काही दोष नव्हता. वेग माझा होता. तेव्हापासून गाडीविषयी बोलताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा : मागे कोण बसणार?

तोच प्रश्न मी या मुलाला विचारला आणि फळा पुसून म्हटले, "वडिलांना शोरूममध्ये घेऊन जा." पुढच्या शनिवारी मीही गेलो. आर-१५चे मागचे आसन उंच व अरुंद, पाय ठेवण्याची जागा वर. गुडघा पुरता दुमडल्याखेरीज तेथे बसता येत नाही. वडिलांनी एकदा पाय उचलून पाहिला आणि हसून म्हणाले, "पोरा, ह्याच्यावर मला चढवायला आणिक दोन माणसं लागतील बघ." क्रूझरवर ते मुलाच्या खांद्याला धरून बसले. आम्ही तासभर मांडलेल्या गणिताचा निकाल एका मिनिटात लागला.

मुलाचे तोंड उतरले, हे मी पाहिले. त्याची हौस मूर्खपणाची नव्हती. आर-१५ १४२ किलोची, क्रूझर १९१ किलोची. गर्दीत, अरुंद गल्लीत, एकट्याने चालवताना हलकी गाडी सोयीचीच. पुढे झुकलेली बैठक मनगटांना दमवते खरी. पण क्रूझरवर पाय पुढे ठेवून बसल्यावर खड्ड्यातला धक्का थेट कण्याला बसतो, हेही तितकेच खरे. दररोज एकट्याने धारवाडपर्यंतच्या महामार्गावर जाणारा आणि मागे कोणी न बसवणारा विद्यार्थी आला असता, तर मी कदाचित दुसरा सल्ला दिला असता.

त्याने क्रूझर घेतली. या पावसाळ्यात भेटला तेव्हा तक्रार करीत होता : घराजवळच्या लाल चिखलात गाडी रुतली, काढायला शेजारी बोलवावे लागले. १९१ किलोंचा हिशेब मी फळ्यावर केलाच नव्हता, ही माझी चूक. मग जाता जाता म्हणाला, "पण सर, बाबांची दवाखान्याची एकही खेप चुकली नाही."

तेव्हा मित्रहो, पत्रक उघडण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढा : रस्ता कोणता, पाऊस किती, मागे कोण, आणि गाडी आडवी पडली तर उचलणार कोण. आसनाची उंचीही पाहा. मीटिअरची ७६५ मिलिमीटर, आर-१५ची ८१५, आणि आपले दोन्ही तळपाय जमिनीवर टेकतात का, ते स्वतः बसून ठरवा. ज्या वेगाने वर्षातले बहुतेक तास जाणार, त्या वेगाला जी गाडी बरी, ती आपली. आणि हेल्मेट दोन घ्या. मागे बसणाऱ्याचे डोकेही आपल्याच भरवशावर असते.