साडेत्रेसष्ट अंशांची रेघ

पुणे, ऑगस्ट २०२०

चि. सोनू हिस,


करोनानंतरचं घर म्हणून तुला ऑफिसात दारातच बेसिन आणि घरून काम करायला कोपरा असा नकाशा काढायला सांगितलाय, हे कळलं. काढ, पण त्यात फार जीव गुंतवू नकोस.

माझा अंदाज सांगतो. भीतीपोटी लागलेल्या सवयी भीतीबरोबरच जातील. मास्क आधी हनुवटीवर येईल, मग खुंटीवर जाईल. लग्नांत पंगतीवर पंगती उठतील आणि पिंक टाकणारे पिंक टाकतीलच. ज्यात कुणाचा पैसा वाचतो, तेवढं टिकेल. कंपनीचं भाडं वाचलं तर घरून काम राहील. सुट्ट्यांची कटकट मिटली तर भाजीवालीकडचा क्यूआर कोड राहील. त्याची काळजी आपण करायला नको.

उजेड आणि वारा यांत मात्र बिल्डरचा पैसा जातो. ते नियमात बसवले तरच राहतात.

असा नियम एकदा झालाही होता. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग लागला आणि १८९८ साली दाट वस्त्या पाडून शहर सुधारायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याचीच कामं. ट्रस्टनं पाडलं भराभर, बांधलं सावकाश. उठवलेली गरीब माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीनं राहिली, हेही विसरू नकोस. पण ट्रस्टचा एक नियम ध्यानात ठेव. खिडकीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरकी रेघ ओढायची आणि समोरची भिंत त्या रेघेच्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे समोरची भिंत खिडकीच्या तळापासून साठ फूट उंच असेल, तर मध्ये तीस फूट मोकळं हवं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता, तो काही अंधारामुळे आला नव्हता. तरी नियम वाया गेला नाही, कारण क्षयाला अंधार आणि कोंदट हवाच मानवते. हा करोनाही बंद खोलीत जास्त फोफावतो, असं दिसतंय.

आता मुंबईतल्याच मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती बघ. काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि क्षय तिथून हटत नाही. प्लेगसारखी मोठी साथ येऊन गेलेल्या शहरानं हे कागदोपत्री, रीतसर परवानगीनं बांधलं.

म्हणून सांगतो, कुठलाही नकाशा हाती आला की आधी सर्वांत खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रेघ ओढ. कुठल्या नियमात सवलत मागितली आहे, ते वाच आणि फाइलवर लिहून ठेव. तू नवीन आहेस. तुझ्या शब्दावर कुणी मजला कमी करणार नाही. पण लेखी शेरा फाइलीत राहतो आणि पुढच्याला विचारावं लागतं.

आईला नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
मामा