कथानक येतं, मध्यवर्ती कल्पना अडते

प्रश्न : मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. कादंबरीचं कथानक मला नीट सांगता येतं. पण ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’ म्हटलं की अडतं. ‘ग्रामीण जीवन’ असं लिहिलं तर गुण जातात. काय करू?

उत्तर : ‘ग्रामीण जीवन’ हा विषय झाला. त्याबद्दल कलाकृती काय म्हणते, ते पूर्ण वाक्यात मांडा.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत तरुण मास्तर येतो. हळूहळू शाळा भरू लागते, वाडी त्याला आपला मानते, सगळ्यांच्या श्रमांतून तालीम उभी राहते. मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. ‘शिक्षणाने गाव सुधारतं’ या वाक्यात पूर्वार्ध बसतो, शेवट बसत नाही. ‘माणसं एकमेकांच्या आधाराने गाव उभं करतात, पण त्याचं टिकणं पावसाच्या हाती असतं’ हे वाक्य तालीम आणि दुष्काळ दोन्ही पेलतं.

वाचताना तीन गोष्टी समासात टिपा : सुरुवातीपासून शेवटापर्यंत काय बदललं, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि लेखक कुठे रेंगाळतो. त्यावरून एक वाक्य बनवा. ते शेवटाला आणि एखाद्या किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगाला लावून पाहा. जुळलं नाही, तर प्रसंग डावलू नका, वाक्य बदला. एखाद्या पात्राचं मत म्हणजे कादंबरीचं म्हणणं, असंही धरून चालू नका.

तुमचं वाक्य मैत्रिणीपेक्षा वेगळं आलं तरी हरकत नाही. उत्तरात त्याला संहितेतले दोन-तीन प्रसंग पुरावा म्हणून जोडा.