स्वस्त मॉडेमचा वेग जायचा कुठे?

प्रश्न : मामा १९९१-९२च्या सुमारास अमेरिकेत होते. त्यांचा तेव्हाचा मॉडेम माळ्यावर सापडला. त्यावर ९६०० छापलंय. मामा म्हणतात, ‘‘स्वस्तात मिळाला, पण तो वेग क्वचितच दिसला.’’ समोरही ९६००चाच मॉडेम असला तरी असं का व्हायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वेगाचा आकडा एकच असला, तरी तो गाठायची रीत ज्याची त्याची वेगळी होती. व्ही.३२ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८४मध्येच ठरलं होतं. त्यात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सेकंदाला ९६०० बिट धावत. पण स्वतःचाच परतून येणारा प्रतिध्वनी मॉडेमला वजा करावा लागे, आणि ते काम करणारं सर्किट भलतं महाग पडे. मग कंपन्यांनी आडवाटा शोधल्या. यूएस रोबोटिक्सच्या एचएसटीने (१९८६) एका दिशेला ९६०० बिट दिले आणि उलट दिशेला जेमतेम ३००. फाइल उतरवताना उलट जायचं असतं तरी काय? ‘पोचलं’ एवढी पावती. टेलेबिटच्या ट्रेलब्लेझरने लाइनचे शेकडो बारीक पट्टे पाडले आणि खरखर असलेले पट्टे सरळ वगळले. मला ही युक्ती सर्वांत देखणी वाटते. स्वस्त मात्र ती नव्हती.

अशा दोन वेगळ्या रीतींचे मॉडेम समोरासमोर आले, की सामाईक मानकावर, म्हणजे बहुधा २४०० बिटांवर उतरत. त्यामुळे विकत घेताना खरा प्रश्न किमतीचा नव्हताच. आपण ज्यांना फोन लावणार त्यांच्याकडे काय आहे, हा होता. यूएस रोबोटिक्सने हे बरोबर हेरलं आणि बुलेटिन बोर्ड (लोक मॉडेमने फोन लावून जोडून घेत ते संगणक) चालवणाऱ्यांना एचएसटी जवळपास निम्म्या किमतीत दिला. बोर्डावर एचएसटी, म्हणून ग्राहकही एचएसटीच घेई. कॉम्पूकॉमने १९९१मध्ये दोनशे डॉलरच्या आत स्वतःच्या रीतीचा ९६००चा मॉडेम आणला. भाव झकास, पण पलीकडे तसाच मॉडेम सापडणं कठीण. तुमच्या मामांचा याच जातीतला असावा.

पुढच्याच वर्षी सुप्राने व्ही.३२बिस मानकाचा १४,४०० बिटांचा मॉडेम ३९९ डॉलरला विकायला काढला आणि आडवाटांची गरजच सरली. तरी खोड गेली नाही. १९९७मध्ये ५६ हजार बिटांसाठी एक्स२ आणि के५६फ्लेक्स असे दोन तट पडलेच, १९९८च्या व्ही.९० मानकाने ते मिटवले, आणि त्या वेळी निदान बऱ्याच मॉडेमांत नवं सॉफ्टवेअर भरून काम भागलं.