चावी का दिली नाही

बेगडेवाडी

चि. रोहन,

काल फोनवर तू म्हणालास, ‘दे की मामा माझ्या मोटारसायकलची चावी सुमितला, घरचाच तर आहे.’ मी दिली नाही. तो फुरंगटून गेला. दुपारी वेळेवर लोकल मिळत नाही, तळेगावला क्लास गाठताना त्याची तारांबळ उडते, हे मी रोज बघतो. तरीही नाही दिली.

आधी त्याचं लायसन्स मागून पाहिलं. विना गिअरचं आहे, घरच्या स्कूटीपुरतं. तुझी गाडी गिअरची. सोमाटणे फाट्यावर कुणाला धडक बसली, तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देईल आणि मग कोर्टाच्या परवानगीने ती रक्कम तुझ्याकडून वसूल करू शकेल. शिवाय लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकाला 5,000 रुपये दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पण माझी खरी धास्ती ही नव्हे, सुमितलाच काही झालं तर ही आहे. आजीच्या साड्या जिथल्या, त्या इलकलहून एक जण मागून आणलेल्या मोटारसायकलवर आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबली, हा तिच्यावर आदळला आणि गेला. बायकोने गाडीच्या विम्यातून भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं, की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो. त्या गाडीच्या विम्यापुरता तो परका, म्हणजे तिसरा पक्ष, ठरत नाही. 2020 मध्ये राजस्थानातल्या अशाच दाव्यात पुन्हा तेच झालं. त्या घरच्यांना मिळाले फक्त पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात विम्याचे 1 लाख.

दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिच्या विम्याकडे मागता येतं. पण पावसात सुमित एकटाच घसरला तर? मालक-चालकाचा अपघात विमा आता 15 लाखांचा असतो खरा, पण तो तुझ्या नावाचा. सुमितचं नाव तुझ्या पॉलिसीत कुठेच नाही, मग तो त्याला मिळेलच याची खात्री काय? मला दोघंही सारखेच भाचे आहात रे. त्याच्या आईला उद्या मी काय सांगू?

त्याला आधी गिअरचं लायसन्स काढू दे. तू एजंटला विचार, अपघात विम्यात त्याचं नाव जोडून मिळतं का, किती पैसे पडतात. सुमितला मी बँकेत नेऊन पंतप्रधान सुरक्षा विमा काढून देतो. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. फार नाहीत, पण त्याच्या स्वतःच्या नावाचे. आणि मध्येच तो पार्सलं पोचवायचं काम धरायचं म्हणत होता. त्यासाठी ही गाडी अजिबात नाही. घरगुती वापराच्या पॉलिसीत ते बसत नाही.

तोवर दुपारी मीच त्याला माझ्या स्कूटरवर सोडतो. तुझी गाडी पडवीत झाकून ठेवली आहे, दर रविवारी चालू करून बघतो. पॉलिसीचा फोटो पाठव, मुदत कधी संपते ते बघायचं आहे.

तुझा,
मामा